मिलो, सुकडी आणि पुण्यातली कोष्टके: रोजगार हमीच्या आधीचे वाचन

१/ १९७२ च्या दुष्काळाचा विषय निघाला की करमाळ्यातली वडीलधारी माणसे हटकून दोन शब्द उच्चारतात: मिलो आणि सुकडी. भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधला हा तालुका. उजनीचे पाणी तेव्हा अडलेले नव्हते. माझी आजी त्या काळात खडी फोडायला जात असे. तिच्या आठवणींचा माग काढताना मी एका अनपेक्षित ठिकाणी पोहोचलो, म्हणून हा थ्रेड.

२/ ‘दुष्काळ पडला आणि रोजगार हमी आली’ असे आपण ऐकत आलो आहोत. हे अर्धेच खरे. दुष्काळ काय, १८७६-७८ मध्येही पडला होता. तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून हकिगती मागवल्या, त्या लावल्या आणि मुंबई सरकारपुढे ठेवल्या. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी पौंडभर धान्याच्या हिशेबावर आणली, तेव्हा मजुरांनी कामे सोडली आणि सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. पुढे दुष्काळ संहिता आल्या. पण काम देणे ही सरकारची मर्जीच राहिली. मजुराचा हक्क झाला नाही.

३/ आता जानेवारी १९७१. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या लागोपाठच्या दोन अंकांत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. दोघेही पुण्याच्या गोखले संस्थेतले. ही संस्था १९३० पासूनची.

४/ या निबंधासाठी त्यांनी घरोघर फिरून नवी पाहणी केली नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीची छापील कोष्टके सर्वांसाठी उपलब्ध होती; त्यांनी ती एका प्रश्नाभोवती मांडली. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील असा आहार ज्या घरात आहे, त्या घराचा माणशी मासिक खर्च किती? १९६०-६१ च्या किमतींनी उत्तर आले: खेड्यात १५ रुपये, शहरात साडेबावीस. या रेषेखाली ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक होते.

५/ आकडे पाहून जांभई देणाऱ्यांनी इथे थोडे थांबावे, कारण खरी गंमत पुढे आहे. ब. सि. मिन्हास आणि प्रणव बर्धन यांनीही त्याच सुमारास त्याच पाहणीच्या आधारे ग्रामीण दारिद्र्य मोजले. मिन्हास म्हणाले, ते घटले आहे. बर्धन म्हणाले, वाढले आहे! कोष्टके तीच, मग फरक कुठून आला? किमती कशाने मोजायच्या, यातून. मिन्हास यांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा किंमत-गुणक घेतला, तर बर्धन यांनी शेतमजुरांच्या खर्चाचा निर्देशांक. शेतमजुराच्या टोपलीतली ज्वारी कितीने महागली, हे राष्ट्रीय सरासरीत दिसत नाही. प्रसिद्ध संशोधन ‘संकलित’ करणे म्हणजे कात्रणे चिकटवणे नव्हे. कोणते माप उचलायचे, तिथेच निम्मा निकाल लागलेला असतो. माझा कल बर्धन यांच्याकडे आहे, हे लपवत नाही.

६/ दांडेकर-रथ मोजून थांबले नाहीत. जमिनीच्या फेरवाटपाने सगळ्यांना पुरेल इतकी जमीनच नाही, म्हणून मागेल त्या गरिबाला सार्वजनिक कामांवर रोजगार द्यावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. डाव्यांना तो पचला नाही.

७/ दुसरा प्रवाह याच्याही आधीचा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात असा प्रयोग करून पाहिला होता. म्हणजे दुष्काळाने दार ठोठावले तेव्हा एका बाजूला तालुक्यात आजमावलेला अनुभव होता आणि दुसऱ्या बाजूला छापील युक्तिवाद. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. १८७७ मध्ये सभेजवळ हकिगती होत्या, कळकळ होती. पण तिच्या माणसांच्या हाती ना विधिमंडळ होते ना तिजोरी.

८/ तिजोरीचा मुद्दा कोरडा वाटतो, पण निर्णायक आहे. १९७५ च्या व्यवसाय कराने शहरातल्या पगारदारांच्या पैशातून योजनेला कायमचा आधार मिळाला. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला: मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. २००५ च्या केंद्रीय कायद्यात ही दोन्ही कलमे आपल्याला पुन्हा भेटतात.

९/ मग संशोधक पुन्हा कामांवर गेले. गोखले संस्थेच्याच कुमुदिनी दांडेकर यांनी योजनेवरच्या स्त्रियांचा अभ्यास केला. १९८३ साली त्याचे पुस्तक आले. खडी फोडणारी, माती वाहणारी बाई तिथे मजूर म्हणून मोजली गेली, कुणाची तरी ‘अवलंबित’ म्हणून नव्हे.

१०/ आजीला मी दांडेकर-रथ समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतले आणि मस्टरची गोष्ट सांगितली: सातबारा आजोबांच्या नावावर, रेशनकार्ड आजोबांच्या नावावर, पण १९७३ च्या उन्हाळ्यात कारकुनाने वहीत तिचे स्वतःचे नाव लिहिले आणि तिने त्यापुढे अंगठा उठवला.