भुईआवळीचा गुण

नागपंचमी उलटली की आमच्या वलगावच्या वावरांत भुईआवळी दिसू लागते. वीतभर झाड, पान उलटलं की खाली मोहरीएवढ्या फळांची ओळ. निंदणाऱ्या बाया ती उपटून धुऱ्यावर टाकत. माझी आजी मात्र ओच्यात घालून घरी आणी. गावात कुणाचे डोळे पिवळे झाले की ते माणूस दिवस उगवायच्या आत आमच्या ओट्यावर. आजी झाड मुळासकट धुऊन पाट्यावर वाटायची, ताकात कालवून द्यायची. तेल-तिखट बंद. पैसे घेत नसे. घेतले तर गुण जातो, असं ती मानी.

बहुतेक जण बरे होत. पुढे आरोग्यसेविका झाले तेव्हा कळलं, की दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपोआपच उतरते. रक्तातून येणारी 'बी' कावीळ मात्र वर्षानुवर्षं यकृतात दडून राहू शकते. डोळे दोन्हींत सारखेच पिवळे.

त्या 'बी'चा विषाणू शोधणाऱ्या बारूक ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल मिळालं. त्यांनीच पुढे भुईआवळी हाती घेतली. प्रयोगशाळेत तिच्या अर्कानं विषाणूची वाढ करणारं विकर रोखलं. मग मद्रासला संशोधक थ्यागराजन यांच्यासोबत रुग्णांवर चाचणी झाली. १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये आकडे आले: महिनाभर पूड घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण नाहीशी झाली, औषध नसलेली पूड घेतलेल्या २३ जणांत एकाचीच. ते वाचताना मला पाट्यावरचे आजीचे हिरवे हात दिसले.

पण इतरांनी करून पाहिलं तेव्हा तो गुण टिकला नाही. एकाच नावाखाली सारख्या दिसणाऱ्या अनेक जाती, त्यात माती आणि हंगामाप्रमाणे बदलणारा कस. 'बी'वरचं सिद्ध औषध भुईआवळीतून अजून निघालेलं नाही.

माझ्या चुलतभावाची कावीळ पुन्हा पुन्हा येत राहिली. घरच्यांनी झाडपाला चालू ठेवला, रक्त तपासलंच नाही. तो छत्तिसाव्या वर्षी गेला. आजीचा हात प्रेमाचा होता, पण कोणती कावीळ हे त्या हाताला कळणारं नव्हतं.

पाण्यातून होणाऱ्या काविळीचं म्हणाल, तर १९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्याच १९५६च्या २० डिसेंबरला गाडगेबाबांनी आमच्या पेढी नदीपाशी देह ठेवला. हयातभर हातात खराटा घेऊन त्यांनी गावोगावची घाण काढली. पाण्याच्या काविळीचं मूळ तिथंच तर असतं.

आजही पिवळ्या डोळ्यांचं माणूस माझ्या ओट्यावर येतं. आजीसारखंच मी त्याला बसवते. घरी पाणी कुठून भरता, ते विचारते. मग रक्त तपासायला स्वतः घेऊन जाते.