शाकुंतल : रंगभूमीवरून पडद्यावर

१९४३ सालीं मुंबईच्या स्वस्तिक चित्रगृहांत ‘शकुंतला’ हा हिंदी बोलपट लागला आणि तेथें १०४ आठवडे चालला. प्रभात सोडल्यावर व्ही. शांताराम यांनीं स्थापिलेल्या राजकमल कलामंदिराचें हें पहिलेंच चित्र. या यशाच्या गजरांत एक प्रश्न मात्र मागें पडला. शब्दांच्या बळावर जगलेलें प्रेमनाटक कॅमेऱ्याच्या स्वाधीन करतांना काय गमवावें लागतें, आणि त्याच्या बदल्यांत काय हातीं येतें?

कालिदासाच्या पहिल्या अंकांत दुष्यंत हरिणामागें रथ पिटाळीत येतो. जुन्या रंगभूमीवर नट वेगाचा नुसता अभिनय करी. मान वळवून मागें पाहणारें हरीण प्रेक्षकांना श्लोकांतूनच दिसे. दुर्वासाचा शाप नेपथ्यांतून ऐकूं येतो. तो सखींच्या कानीं पडतो. पतीच्या चिंतनांत बुडालेल्या शकुंतलेला त्याची वार्ताहि नसते. मुद्रिका पाण्यांत पडल्याचें तर पांचव्या अंकांत गौतमीच्या बोलण्यावरूनच कळतें. म्हणजे कथेला वळण देणाऱ्या दोन्ही घटना प्रेक्षकांच्या दृष्टीआड घडतात. कॅमेरा हें सर्व सहज दाखवूं शकतो. परंतु हरीण डोळ्यांपुढें धावूं लागलें कीं त्याचें वर्णन अनावश्यक ठरतें. नाटकांतलें जें उत्तम, त्यावरच चित्रपटकाराला प्रथम कात्री चालवावी लागते.

हा पेंच मराठी रंगभूमीला पडला नव्हता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. त्यांनीं श्लोकांचीं पदें केलीं. संपूर्ण नाटकांत तीं दोनशेंहून अधिक झालीं. रात्र रात्र जागून ऐकणाऱ्या रसिकांना त्यांचा भार वाटला नाहीं, उलट ‘वन्स मोअर’ मिळत गेले. बोलपटांत वन्स मोअर नसतो आणि फिल्मची लांबी मोजकी असते. त्यामुळें वसंत देसाई यांच्या संगीताला मोजक्या जागेंतच काम करावें लागलें.

परंतु बदल्यांत मिळालें तेंहि लहान नव्हतें. १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत बालगंधर्वांनीं पहिली भूमिका केली, ती शकुंतलेचीच. दिव्यांच्या उजेडांत, दहा हातांवरून पाहतांना पुरुषानें उभी केलेली ती नायिका खरी वाटे. कॅमेरा मात्र चेहऱ्याच्या अगदीं जवळ जातो. १९३५ सालच्या ‘धर्मात्मा’ चित्रांत बालगंधर्व एकनाथ झाले; १९३७ सालीं ‘साध्वी मीराबाई’मध्यें त्यांनीं पुन्हां स्त्रीवेष घेतला, तेव्हां पडद्यानें त्यांना साथ दिली नाहीं. शांतारामांच्या चित्रांत चंद्रमोहन दुष्यंत झाले आणि शकुंतला झाल्या जयश्री. भर दरबारांत नाकारल्या गेलेल्या स्त्रीची व्यथा सांगण्यास आतां श्लोकाची वाट पाहावी लागत नव्हती. तिचे डोळे पुरेसे होते.

मूळ कथेशीं ही प्रतारणा नव्हे काय, असें कोणी विचारील. पण महाभारतांत शापहि नाहीं आणि मुद्रिकाहि नाहीं. तेथें राजाला सर्व आठवत असतें. लोकापवादाच्या भयानें तो तिला नाकारतो आणि शकुंतला त्याला भर सभेंत खडे बोल ऐकविते. राजाचें शील राखण्यासाठीं शाप योजिला तो कालिदासानें. पहिलें रूपांतर त्याचेंच! पुढें १९६१ सालीं शांताराम याच कथेकडे वळले, तेव्हां महाभारताचा आधार घेऊन त्यांनीं चित्राला नांव दिलें ‘स्त्री’. शकुंतलेला ओळखण्याची परीक्षा एकट्या दुष्यंताची नव्हती. तिची कथा हातीं घेणाऱ्या प्रत्येकाला ती द्यावी लागली.