कडवळ : पेरणीची दाटी आणि चाऱ्याचे उत्पादन

दाण्यासाठी न ठेवता हिरव्या वैरणीसाठी दाट पेरून फुलोऱ्यात कापलेली ज्वारी म्हणजे कडवळ. मालदांडीसारखा एकच वाण दोन्ही कामी येतो. पीक दाण्याचे होणार की वैरणीचे, हे बरेचसे पेरणीतच ठरते. दाण्याच्या रब्बी ज्वारीत ४५ × १५ सेंमी. अंतर ठेवले, तर हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार ताटे बसतात आणि १० किलो बियाणे पुरते. कडवळासाठी ३० सेंमी. अंतराच्या ओळींत हेक्टरी ४० किलो बियाण्याची शिफारस असते. हजार दाण्यांचे वजन ३० ग्रॅम धरल्यास हे १३ लाखांहून अधिक दाणे होतात, म्हणजे ओळीच्या प्रत्येक मीटरमध्ये चाळीस. कडवळाची विरळणी करत नाहीत.

एवढ्या दाटीत पाने लवकर भिडतात, जमीन झाकली जाते आणि तणाला ऊन मिळत नाही. ताटे उजेडासाठी वर ओढली जातात; खोड बारीक राहते, फुटवे कमी येतात, खालची पाने लवकर पिवळी पडतात. एकेका ताटाचे वजन घटते, पण ताटांची संख्या ती घट भरून काढते. हे भरून काढणे अमर्याद नसते. एका टप्प्यानंतर बी कितीही वाढवले तरी हेक्टरी वैरण तेवढीच राहते, कारण ऊन, पाणी आणि नत्र यांचा साठा तोच असतो. दाण्याचे उत्पादन मात्र त्याच दाटीत खाली येते, कारण कणसे लहान राहतात किंवा भरतच नाहीत. दाटीतली चूक कडवळात खपते, दाण्याच्या पिकात खपत नाही.

दाट पेरणीचा खरा फायदा टनांपेक्षा गव्हाणीत दिसतो. बारीक ताट जनावर बुडख्यापर्यंत खाते. विरळ पिकातले जाड बुडखे कुट्टी न केल्यास वाया जातात. प्रथिने वाढवायची तर काम नत्राचे आहे, निव्वळ दाटीचे नव्हे. फाजील दाटीत बारीक ताटे वाऱ्यापावसात लोळतात. एसएसजी ५९-३ सारख्या बहुकापणी वाणांत फुटवे मोकळ्या जागा भरून काढतात, म्हणून तिथे सुरुवातीच्या रोपसंख्येचे महत्त्व थोडे कमी.

बियाणे किलोत सांगण्याची रीत काहीशी फसवी आहे. हजारी वजन २५ ग्रॅम असेल तर ४० किलोत १६ लाख दाणे येतात, ३५ ग्रॅम असेल तर साडेअकरा लाखच.

हलक्या कोरडवाहू जमिनीत दाट पीक ओल लवकर संपवते. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत धुरीन या घटकाचे प्रमाण वाढते; त्यापासून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते आणि ते जीवघेणे ठरू शकते. म्हणून एका कापणीचे कडवळ निम्मे पीक फुलोऱ्यात आल्यावरच कापावे, आणि ताण पडलेल्या कोवळ्या पिकात जनावरे सोडू नयेत.