शब्द नसलेला जोक : शि. द. फडणीस, दिवाळी अंक आणि आमच्या घरची ट्रंक

फराळ संपला, की डब्याच्या तळाशी अजून थोडा चिवडा शिल्लक आहे?

नेहमीप्रमाणे, ज्यांना भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. बोलताना शंभर वेळा 'ॲक्च्युअली' म्हणालो होतो, तेवढं काढलंय. बाकी तसंच.

आजचा विषय व्यंगचित्रांचा आहे. पण सुरुवात घरापासून करतो, कारण हा भाग तिथूनच आला.

माझं गाव श्रीरामपूर. जिल्हा तेव्हा अहमदनगर, आता अहिल्यानगर. गावाचं नाव श्रीरामपूर आणि रेल्वे स्टेशनचं नाव बेलापूर, त्यामुळे पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास गोंधळतो. आजोबा साखर कारखान्यात टाईम ऑफिसला होते. आमच्याकडे दिवाळी म्हणजे बोनस. दसऱ्याच्या आसपास बॉयलर पेटायचा, दिवाळीच्या तोंडावर बोनस व्हायचा, आणि आजोबा एसटी स्टँडजवळच्या स्टॉलवरून दोन दिवाळी अंक घ्यायचे. दोनच. बाकीचे कारखान्यातल्या चार-पाच जणांत फिरायचे. एकदा गळीत जोरात सुरू झालं की वाचायला वेळ मिळायचा नाही, म्हणून सगळं आधी उरकायचं.

दोन वर्षांपूर्वी आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, शब्द सावरले नाहीत. त्यांना सगळं कळतं. पण 'चहा' म्हणायचं असतं आणि तोंडातून 'चावी' निघतं. मग ते चिडतात, आणि गप्प बसतात. आता खरं सांगतो. दिवसभर मीटिंगमध्ये बोलणारा आणि वर पॉडकास्ट करणारा मी, त्यांच्या खोलीत दहा मिनिटं बसू शकत नव्हतो. काय बोलायचं? विचारावं तर उत्तर देताना त्यांना त्रास. न विचारावं तर ती शांतता. मी फोन काढायचो आणि बाहेर यायचो.

२०२५ च्या दिवाळीत घरी होतो, तेव्हा बातमी आली. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस गेले. वय शंभर. आजोबा टीव्हीसमोर बसले होते. त्यांनी पडद्याकडे बोट केलं, मग माळ्याकडे. मला काही कळेना. आजी म्हणाली, "अरे, ट्रंक काढ म्हणतायत ते."

ट्रंकेत काय होतं ते शेवटी सांगतो. आधी इतिहास.

दिवाळी अंक आला कुठून?

१९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक निघाला. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र. आडनाव बंगाली वाटतं ना? मूळचे ते आजगावकर. बंगाली साहित्याचं इतकं वेड की आडनावच बदलून टाकलं. इंग्रजी मासिकांचे नाताळचे जाडजूड विशेषांक तेव्हा इथे यायचे. त्यांचा नाताळ, तर आपली दिवाळी, असा साधा हिशेब.

पण या हिशेबातून एक मोठी गोष्ट झाली. वर्षभर मासिक काढणं म्हणजे पोटाला चिमटा. दिवाळीत मात्र जाहिराती येतात, लोकांच्या खिशात पैसे असतात, रंगीत छपाई परवडते. म्हणजे लेखक आणि चित्रकारांसाठी हा अख्ख्या वर्षाचा सीझन. जसा आमच्याकडे गळिताचा हंगाम, तसा त्यांचा दिवाळीचा.

आता मुखपृष्ठ बघा. स्टॉलवर दोरीला चिमट्यांनी पंधरा-वीस अंक लटकलेत. गिऱ्हाईक रस्त्यावरून चाललंय. त्याला थांबवायचं काम मुखपृष्ठाचं. आजच्या भाषेत थंबनेल! त्या काळात हे काम बहुतेक वेळा एक सुंदर स्त्री करायची. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर या चित्रकारांची ती सत्ता होती. दलालांनी तर १९४५ पासून 'दीपावली' हा स्वतःचाच अंक काढला. चित्रं अप्रतिम, लोक फ्रेम करून भिंतीवर लावायचे. विनोदी चित्राची जागा आत, मजकूर संपल्यावर कोपरा उरला तर तिथे.

कोपऱ्यातून मुखपृष्ठावर

शिवराम दत्तात्रेय फडणीस. जन्म २९ जुलै १९२५, गाव भोज, आजच्या बेळगाव जिल्ह्यात. शिक्षण कोल्हापुरात. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांचं हे गाव, म्हणजे चित्रकला तिथल्या हवेतच. पुढे मुंबईला जे. जे. मध्ये कमर्शियल आर्ट शिकले. हे महत्त्वाचं आहे, कारण रस्त्यावरच्या माणसाची नजर कशी पकडायची, हेच कमर्शियल आर्टमध्ये शिकवतात.

दुसरा माणूस अनंत अंतरकर. १९४६ साली त्यांनी 'हंस' सुरू केलं, पुढे 'मोहिनी' आणि 'नवल'. अंतरकरांना या तरुणाची विनोदी चित्रं आवडली, आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एक धाडस केलं. सुंदर स्त्रीच्या चित्राची जागा त्यांनी विनोदी चित्राला दिली. मुखपृष्ठावर! रंगीत! अंक पडून राहिला असता तर वर्षाची कमाई बुडाली असती.

त्या काळातलं सगळ्यात गाजलेलं चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. एक तरुण, एक तरुणी. एकाच्या कपड्यांवर उंदरांचं डिझाईन, दुसऱ्याच्या कपड्यांवर मांजरांचं. बस, एवढंच. खाली ओळ नाही, तोंडातून निघालेला फुगा नाही. कापडावरचे उंदीर आणि मांजरं एकमेकांच्या इतके जवळ आलेत, की पुढचं सगळं बघणाऱ्याच्या डोक्यात घडतं.

तिथून 'मोहिनी'चं दिवाळी मुखपृष्ठ म्हणजे फडणीस, हे समीकरणच झालं. घरात अंक आला की आधी कव्हर कोण बघणार यावर भांडणं. माझ्या वडिलांच्या पिढीला विचारा.

फडणीस एकटे नव्हते

ही सगळी पिढीच भारी होती. वसंत सरवटे घ्या. जन्म १९२७, तेही कोल्हापूरचे. शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंग, नोकरी एसीसी सिमेंट कंपनीत, आणि व्यंगचित्रं काढायची उरलेल्या वेळात! नोकरी सांभाळून काही करता येत नाही म्हणणाऱ्यांनो, मी धरून, हे लक्षात ठेवा. 'ललित' मासिकात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या टोपणनावाने साहित्यिकांची खिल्ली उडवायचे. त्या ठणठणपाळाला हातोडा देऊन उभं केलं सरवट्यांनी.

'आवाज'चा प्रकार वेगळा. मधुकर पाटकरांनी १९५१ साली हा अंक सुरू केला, आणि त्याची खिडकी-चित्रं प्रसिद्ध झाली. पानाला एक चौकोन कापलेला. त्यातून जे दिसतं ते बघून तुम्ही दचकता. पान उलटलं की कळतं, चित्र एकदम निरागस आहे, चावटपणा आपल्याच डोक्यात होता. आजच्या क्लिकबेटचे हे पणजोबा. फरक एवढाच की इथे पान उलटल्यावर फसल्याचा राग येत नाही, स्वतःवरच हसू येतं.

आणि १९६० साली बाळ ठाकरेंचं 'मार्मिक' आलं. तिथे व्यंगचित्र थेट राजकारणात उतरलं आणि त्यातून पुढे पक्ष उभा राहिला. ती गोष्ट मोठी आहे, तिचा वेगळा भाग करू.

न बोलता कसं जमतं?

माझ्या कामात एक गोष्ट सतत करावी लागते : फाईल लहान करायची, पण आतलं काही हरवू द्यायचं नाही. फडणिसांनी विनोदाच्या बाबतीत तेच केलं असं मला वाटतं. राजकीय व्यंगचित्र कळायला त्या दिवसाची बातमी माहीत असावी लागते. बातमी शिळी झाली की चित्राला टीप जोडावी लागते. मीमला वर-खाली दोन ओळी लागतात, आणि तो सिनेमा पाहिलेला असावा लागतो. फडणिसांच्या चित्राला काय लागतं? डोळे, आणि थोडा माणसांचा अनुभव. नवरा-बायको, गवई, पाहुणे, प्रेमात पडलेली पोरं. म्हणूनच मराठीचा गंध नसलेला माणूसही ते चित्र बघून हसतो.

१९६५ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांनी 'हसरी गॅलरी' हे प्रदर्शन भरवलं. आर्ट गॅलरी म्हणजे हात मागे बांधून, कुजबुजत फिरायची जागा. तिथे लोक मोठ्याने हसत होते. पुढे हे प्रदर्शन गावोगाव गेलं.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. सत्तरच्या दशकात त्यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. गणित! ज्या पुस्तकाला बघून पोटात गोळा यायचा, त्यात हसरी चित्रं. ज्यांचे दिवाळी अंक घरी मोठी माणसं लपवून वाचायची, तेच चित्रकार पोरांच्या दप्तरात शिरले. जिथे शब्द अडतात तिथे चित्र वाट काढतं, हे त्यांनी हसवतानाही दाखवलं आणि शिकवतानाही.

त्यांच्या आत्मकथनाचं नाव 'रेषाटन'. रेषेचा हात धरून केलेली भटकंती. शंभर वर्षांची.

आता ट्रंक

ट्रंकेत वाळवीने कडा खाल्लेले तीस-एक अंक निघाले, आणि फडणिसांच्या चित्रांचं एक पुस्तक. मी ते आजोबांच्या मांडीवर ठेवलं आणि सवयीने उठायला लागलो. त्यांनी मनगट धरलं.

मग आम्ही एकेक पान बघत बसलो. ते चित्रावर बोट ठेवायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. मला कळलं की हसायचो. कळलं नाही की ते चित्रातला नेमका तपशील बोटाने दाखवायचे, आणि मी हसेपर्यंत पान उलटू द्यायचे नाहीत. एका चित्राला मी खोटं हसलो. लगेच पकडलं! मान हलवली, बोट परत तिथेच. दोन वर्षांनी आमचं पहिल्यांदा धड बोलणं झालं, आणि त्यात एकही शब्द नव्हता.

मग ते उंदीर-मांजराचं चित्र आलं. आजोबांनी बराच वेळ बघितलं. उंदरावर बोट ठेवलं, मग ते बोट स्वतःच्या छातीवर. नंतर मांजरावर ठेवलं आणि सावकाश, दारात उभ्या असलेल्या आजीकडे नेलं.

आजी पदराने तोंड झाकून हसली. म्हणाली, "साठ वर्षं झाली लग्नाला, आत्ता कबूल करताय होय?"

तर मंडळी, तुमच्या घरीही माळ्यावर असा एखादा गठ्ठा असेल. रद्दीवाल्याला द्यायच्या आधी खाली काढा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून बघा. विषय काय काढायचा, याची काळजी करू नका. आणि त्यात कुठलं चित्र आवडलं ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि अधूनमधून नुसतं बघतही राहा!