एकाच छपराखालचे शेजारी

शाळा सुरू झाली की 'सरल'वर मुलांची माहिती भरावी लागते. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, आणि त्याच ओळीत धर्माचा रकाना. मागे एका विद्यार्थिनीचे अब्बा शाळेत आले होते. स्क्रीनकडे बघत म्हणाले, "सर, ये सब जाता कहाँ?" मी म्हटलं, सर्व्हरवर. "और उस सर्वर पे और कौन कौन रहता?"

या दुसऱ्या प्रश्नावर मी गप्प झालो. गवंडीकाम करणाऱ्या त्या माणसाने भिंतीबद्दल विचारलं होतं, आणि त्या भिंतीवर संगणकवाल्यांनी पन्नास वर्षं घालवली आहेत.

आपल्या जिल्ह्यातल्याच एका वस्तूपासून सुरुवात करतो. सेवाग्राम आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवलेला. व्हाइसरॉयला अशी खास सोय परवडते. बाकी दुनियेला एक तार वाटून घ्यावी लागते, आणि तार वाटून घेतली की दुसऱ्याचा कान लागायची भीती आलीच.

1973 मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात इथरनेटचा जन्म झाला. एकाच केबलवर सगळे संगणक. पोस्टमनने मोहल्ल्याच्या चौकात उभं राहून पत्र मोठ्याने वाचावं आणि ज्याचं आहे त्यानेच ऐकावं, बाकीच्यांनी कान झाकावेत, असा तो कारभार. नेटवर्क कार्डाला 'सगळंच ऐक' अशी आज्ञा दिली की झालं. आमच्या गावात केबलवाल्याने इंटरनेट आणलं तेव्हा याचा अनुभव घेतला. विंडोज 98 मध्ये 'नेटवर्क नेबरहूड' उघडलं की गल्लीतले संगणक रांगेने दिसायचे. कुणाच्या तरी घरच्या लग्नाचे फोटोही. आम्ही हसून बंद केलं, पण बघितलं हे खरं.

1990 मध्ये कल्पना नावाच्या कंपनीने इथरनेट स्विच बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक. त्यांच्या पत्नीचं नाव कंपनीला दिलेलं. आता प्रत्येक संगणकाला आपली वेगळी तार मिळाली आणि पत्र ज्याचं त्याच्या दारात जाऊ लागलं. 1998 मध्ये व्हीलॅनचं मानक ठरलं. प्रत्येक पाकिटावर गटाचा क्रमांक लावायचा आणि एका गटाचं पाकीट दुसऱ्या गटात जाऊ द्यायचं नाही. प्रश्न सुटला असं वाटलं.

पण तोवर घरच बदललं होतं. एका संगणकाच्या पोटात अनेक संगणक चालवायची युक्ती आयबीएमने 1972 च्या व्हीएम/370 मध्ये विकायला काढली होती, मोठ्या महागड्या यंत्रांसाठी. 1999 मध्ये व्हीएमवेअरने ती साध्या पीसीवर आणली. यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येकीला वाटतं, आपण एकटीच आहोत. खाली लोखंड मात्र एकच.

आणि इथे खरी गोम आहे. एकाच सर्व्हरवरच्या दोन व्हर्च्युअल मशीन एकमेकींशी बोलतात तेव्हा ते बोलणं बाहेरच्या तारेवर येतच नाही. ते सर्व्हरच्या मेमरीतूनच इकडून तिकडे जातं. गावाच्या वेशीवर कितीही पहारा ठेवा, वाड्याच्या आत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कोण गेलं ते वेशीवरच्या पहारेकऱ्याला दिसणार नाही. म्हणून स्विचही सॉफ्टवेअरचा करून सर्व्हरच्या आत बसवावा लागला, आणि पहाराही आतच.

तो पहारा काय करतो? एक, 'सगळंच ऐक' ही मुभा नाकारतो. दोन, ओळख तपासतो. 1982 पासून चालत आलेला एआरपी नावाचा नियम फार भोळा आहे. 'हा पत्ता माझा' असं कुणीही ओरडावं आणि बाकीच्यांनी मान डोलवावी. शेजारची मशीन असं खोटं बोलून दुसरीची पत्रं आपल्याकडे वळवू शकते. म्हणून जिला जो पत्ता दिला, त्याच पत्त्याने ती बोलते का, हे आतला स्विच बघतो. तीन, परवानगी लिहिलेली नसेल तर दार बंद. सूरह नूरमध्ये इजाजत आणि सलामाशिवाय दुसऱ्याच्या घरात पाऊल न टाकण्याची ताकीद आहे, ती मला इथे हटकून आठवते. फरक एवढाच, की इथे ताकीद कुणीतरी बसून टाइप करावी लागते, आणि विसरली तर दार उघडंच राहतं.

भाडेकरू वाढले तसे क्रमांकही अपुरे पडले. व्हीलॅनमध्ये वापरण्याजोगे गट 4094 च. 2014 मध्ये व्हीएक्सलॅनने ते 1 कोटी 67 लाखांवर नेले. पण तीही चिठ्ठीच, कुलूप नव्हे. आतला मजकूर ती झाकत नाही. शिवाय फक्त नेटवर्कची भिंत पुरत नाही. 2009 मध्येच अमेरिकेतल्या संशोधकांनी ॲमेझॉनच्या क्लाउडवर दाखवून दिलं होतं, की ठरवलेल्या भाडेकरूच्या शेजारी आपली मशीन नेऊन बसवता येते आणि सामायिक प्रोसेसरच्या वापरावरून त्याच्या हालचालींचा अंदाज घेता येतो.

याच वर्षांत आपलं सरकारही क्लाउडवर गेलं. केंद्राचा मेघराज 2014 चा. महाराष्ट्राने 2018 च्या जानेवारीत सार्वजनिक क्लाउडचं धोरण जाहीर केलं. खर्च वाचतो, म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. प्रत्येक खात्याने वेगळी खोलीभर यंत्रं घ्यावीत हा व्हाइसरॉयी थाट झाला. केंद्राने क्लाउडचे जे प्रकार ठरवले, त्यात फक्त सरकारी खात्यांनीच शेजारी राहायचं असाही एक आहे. म्हणजे शेजारी कोण, हा प्रश्न दिल्लीलाही पडलेला आहे.

तरीही रकाना मी भरतो, आणि मुलीचा मजहब माझ्या बोटांतून जातो. ती माझ्याकडची अमानत. तिच्या अब्बांची पुन्हा भेट झाली तेव्हा म्हटलं, "शेजारी कोण आहे ते मला माहीत नाही. पण मधल्या दाराला कडी कुणी लावली आणि ती कोण तपासतं, हे लेखी विचारता येतं."

ते म्हणाले, "तो पूछो ना, सर."