समुद्राचे रेशमी दप्तर

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे बखरी, ताम्रपट आणि दप्तरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु समुद्रात प्लॅस्टिक केव्हा शिरले, याची साक्ष देणारे दप्तर कागदाचे नसून रेशमाचे आहे. त्याचीच हकीकत आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

ॲलिस्टर हार्डी या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने समुद्रातील सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक, टिपण्याचे एक यंत्र तयार केले. ते जहाजामागे ओढीत न्यावयाचे. आत शिरलेले पाणी रेशमी पट्टीतून गाळले जाई, आणि पट्टी हळूहळू गुंडाळत जाई. १९३१ पासून व्यापारी जहाजे ते ओढू लागली. माशांचे खाद्य कोठे व किती आहे, हे कळावे एवढाच त्यामागचा हेतू. मात्र पाहून झालेल्या पुष्कळ पट्ट्या जपून ठेवण्यात आल्या, आणि यंत्रात काही अडकले तर त्याचीही नोंद होत गेली.

या नोंदींत १९५७ साली मासेमारीच्या जाळ्याचा प्लॅस्टिकचा दोर आढळतो, १९६५ साली आयर्लंडजवळ प्लॅस्टिकची पिशवी. पुढे रिचर्ड टॉम्प्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकांतील पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासल्या. प्लवकांच्या शेजारी कृत्रिम तंतू होते, आणि काळानुसार ते वाढलेले दिसले. २००४ साली हे प्रसिद्ध झाले, आणि ‘मायक्रोप्लॅस्टिक’ हा शब्द सर्वतोमुखी झाला.

पहिली साक्ष जाळ्याच्या दोराचीच असावी, यात नवल नाही. सुताचे वा तागाचे जाळे हरवले तर कुजून जाई. त्याची जागा नायलॉनने घेतली. आपल्या कोकणकिनाऱ्यावरही तेच घडले. नवे जाळे कुजत नाही, म्हणून कोळ्याला ते प्रिय झाले. पण ज्या गुणासाठी आपण ते पत्करले, तोच समुद्राच्या मुळावर आला. ते झिजते, तुटते, डोळ्यांना दिसेनासे होते. नाहीसे मात्र होत नाही.

हा सारा इतिहास एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढाच आहे. राज्ये बुडाली, दप्तरे वाळवीने खाल्ली, पण आपल्या पिढीने समुद्रात टाकलेले टिकून राहणार आहे. नातवंडे ते वाचतील. त्यात पुढे काय लिहिले जावे, हे अद्याप आपल्या हाती आहे.