दर आठवड्याचा हप्ता

मागं एकदा एका खेड्यातल्या शाळेत जाणं झालं. तिथले एक तरुण गुरुजी चहा घेता घेता म्हणाले, "गोष्ट लिहावी असं फार मनात येतं हो, पण स्फूर्तीच होत नाही. अन् झालीच तर चार पानांवर आटते." त्यांना तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. परतीच्या एस. टी.त मात्र हरिभाऊ आपटे आठवले. आज त्यांच्याविषयीच बोलतो.

हरी नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशात पारोळे इथं झाला. शिक्षण पुढं मुंबईस व पुण्यास. वाचन अफाट, पण गणित काही केल्या जमेना, आणि त्यापायी पदवी राहिली ती राहिलीच. (गणितात मागं पडणाऱ्या पोराला 'ढ' म्हणण्याआधी हे ध्यानात असलेलं बरं.) १८८५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांची 'मधली स्थिति' ही पहिली कादंबरी 'पुणे वैभव' पत्रातून येऊ लागली. तिला एका इंग्रजी कादंबरीचा आधार होता. म्हणजे सुरुवात उसनवारीचीच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पहिलं बियाणं शेजाऱ्याकडूनही आणतात.

स्वतःचं पीक आलं ते घरातूनच. त्या काळी 'मंजुघोषा'सारख्या अद्भुत कादंबऱ्यांची चलती होती. हरिभाऊंनी नजर वळवली ती माजघराकडे. सासुरवाशिणी, बालविधवा, केशवपन, वडीलधाऱ्यांचा दरारा, ह्या गोष्टी घरोघर होत्या. त्यांवर सभांतून भांडणंही होत होती. पण त्या सोसणाऱ्या मुलीला काय वाटतं, हे तिच्याच तोंडून सांगावं, हे सुचायला हवं होतं. 'पण लक्षांत कोण घेतो!' मध्ये यमू आपली हकीकत स्वतः सांगते. घरात साध्या बाईमाणसानं बोलावं तशी तिची बोली. तिचा नवरा वारतो, आणि मग घरचीच माणसं बळजोरीनं तिचं केशवपन करवतात. तो भाग आजही एका दमात वाचवत नाही.

ही कादंबरी आली १८९० साली हरिभाऊंनीच काढलेल्या 'करमणूक' ह्या साप्ताहिकातून. पुस्तक १८९३ साली झालं. मला सांगायचं आहे ते खरं इथंच. साप्ताहिक म्हणजे दर आठवड्याला मजकूर हवा. छापखान्यातला जुळारी हात पुढं करून उभा असतो. आज मन लागत नाही, हे त्याला सांगून चालत नाही. असं हरिभाऊंनी सुमारे सत्तावीस वर्षं केलं. हिशेब मांडा, तेराशे-चौदाशे आठवडे होतात! शिवाय पोटापाण्याचं काम निराळंच. चुलत्यांनी स्थापलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे होती, आणि पुढं पुणे नगरपालिकेचं अध्यक्षपदही आलं. एवढ्या गडबडीत 'मी', 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला' ह्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्यानं झाल्या.

हप्त्याची खोटही होती, ती झाकून ठेवू नये. पाल्हाळ फार. कुठं एखादं पात्र बोलायला बसलं की उठतच नाही. घडी नीट बसवायला वेळ मिळालेला नसे, हे जागोजाग दिसतं. चिकाटीनं सगळं साधतं असं म्हणणाऱ्यानं ही पानंही चाळावीत. पण मला वाटतं, निवांतपणाची वाट पाहिली असती तर यमू जन्मालाच आली नसती. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहतो आहे, ह्या धाकातच तिचं बोलणं पुढं सरकलं.

१९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. पुढं 'करमणूक' थांबलं, आणि ३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊ गेले. 'आजच', 'कर्मयोग' अशा काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. गुरुजींनी कुठं जुन्या ग्रंथालयात त्या मिळाल्या तर पाहाव्यात. मजकूर मध्येच तुटतो, आणि पुढच्या हप्त्यात काय होणार होतं ते सांगायला आता कोणी नाही.